शिवी आली न्हाई

मी हिंगोलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं डोकं फार लवकर तापतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. तापट डोकं मला आईकडून मिळालं. विज्ञान कुठून मिळालं, देव जाणे.

आई साखऱ्याला एकटी राहते. वडील गेले तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, हिंगोलीला चल म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं असायचं: तुझ्या घरी येऊन मी काय करू, टीव्हीसमोर बसून भिंती राखू का? तिचं घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या, पुढं ओटा, अंगणाला काट्यांचं कुंपण आणि कुंपणावर वालाचे वेल. कुंपणापलीकडं नाला आणि नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. या वालावर आईचा जीव. माझ्या लग्नातही तिनं एवढी काळजी केली नसेल.

तांड्यावरची एक बाई रोज सकाळी शेळ्या घेऊन त्याच वाटेनं रानात जाते. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणतात, म्हणून मीही लहानपणापासून तिला याडीच म्हणते. तिच्या शेळ्या वालाला तोंड लावल्याशिवाय पुढं जात नाहीत, आणि शेळीनं तोंड लावलं की आईचं तोंड सुटलंच म्हणून समजा. 'पटकी आली तुला'पासून सुरुवात व्हायची ती शेळीच्या सात पिढ्यांपर्यंत जायची. याडीही कमी नाही. ती नाल्यातून वर चढता चढता उलट बोलायची. मग दुपारी दोघी त्याच ओट्यावर बसून एका चंचीतली सुपारी खायच्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसलं हे भांडण होतं. गावानं तिकडं लक्ष देणं कधीच सोडून दिलं होतं.

शेवटी आईच्या एकटीनं राहण्यावर माझ्या लेकीनं तोडगा काढला. लेक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं आजीच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी फोन वाजायचा आणि स्वच्छ मराठीत विचारायचा, आजी, झोप लागली का, गोळी घेतली का, आज कसं वाटतंय? आई काय बोलली ते लगेच माझ्या फोनवर यायचं. सगळं ठीक असलं की सोबत हिरवी खूण. माझी अट एवढीच होती की ज्या दिवशी काही बिघडलेलं दिसेल त्या दिवशी बोचकं बांधायचं आणि हिंगोलीला यायचं. आई कबूल झाली. फोनवरच्या बाईचं तिला कौतुकच वाटायचं. तुमच्यापेक्षा हिला जास्त अदब हाय, असं तिनं मला दोनचारदा ऐकवलं.

आता आमच्याकडच्या माणसांची एक गंमत आहे. तब्येत विचारली की उत्तर एकच, 'बराबर हाय.' ताप असो, पाय मोडलेला असो, बराबर हाय. समोरच्याला तकलीफ नको, एवढाच त्याचा अर्थ. पण फोनला तो अर्थ कोण सांगणार? आई रोज म्हणायची, बराबर हाय. मला रोज हिरवी खूण यायची.

त्याच सुमाराला आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात एक घोंगडं टाकलं. पालकसभेत मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं. साधंसुधं नाही, त्यांनी कुठंतरी 'कृत्रिम सामान्य बुद्धिमत्ता' असा शब्द ऐकला होता, त्याच्यावर. आणि स्वतःच गोंधळून गेले होते. मला म्हणाले, मॅडम, आजची बुद्धिमत्ता कविता करते, गणितं सोडवते, म्हणजे ती असामान्यच झाली. मग ही पुढची सामान्य कशी? माणूस पुढं जातो की मागं येतो? मी हसले, पण तो प्रश्न तसाच घरी घेऊन आले.

रात्री लेकीला फोन लावला. ती म्हणाली, आई, तू सहावीला 'सामान्य विज्ञान' शिकवतेस, ते काय हलकं विज्ञान असतं का? त्यात सगळं येतं म्हणून ते सामान्य. तसंच हे. पूर्वीची यंत्रं एकेका कामाची होती. बुद्धिबळ खेळणारं यंत्र फक्त बुद्धिबळ खेळायचं, त्याला चहा सांडला तरी कळायचं नाही. आजची यंत्रं पुष्कळ गोष्टी करतात, लिहितात, बोलतात, समजावून सांगतात. पण आपण विचारावं तेव्हा आणि आपण दाखवावं तिकडं. सामान्य बुद्धिमत्ता म्हणजे माणसाला डोक्यानं जे जे करता येतं ते जवळपास सगळं करू शकणारी. नव्या कामात टाकलं तर थोडं बघून स्वतः शिकणारी, एकीकडचं शिकलेलं दुसरीकडं लावणारी, कुठं लक्ष द्यायचं हे स्वतः ओळखणारी. तसलं यंत्र अजून झालेलं नाही, असं बहुतेक जण मानतात. लवकर होईल की उशिरा, की होणारच नाही, यावर जाणत्यांतही वाद आहेत. नेमकी रेघ कुठं मारायची यावरसुद्धा त्यांचं जमत नाही.

मला राग आला. म्हटलं, सोयाबीन विकून सभेला येणाऱ्या माणसापुढं मी हे असं बोलू का? त्याला समजेल असं काहीतरी दे. ती म्हणाली, उदाहरण तूच शोध, शाळेतली बाई तू आहेस. मी बरंच डोकं खाजवलं. हाती काही लागलं नाही.

मग थंडीतली ती सकाळ आली. पहिला तास सुरू व्हायचा होता. फोनवर हिरवी खूण येऊन गेली होती, आजी म्हणतात बराबर हाय. मी खडू घेऊन वर्गाकडं निघाले तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं याडी होती. तांड्यावरच्या कोणाचा तरी फोन मागून बोलत होती. तिनं कधी मला फोन केलेला नव्हता.

"बाई, शेळीनं वाल खाल्ला," ती म्हणाली. "तुझी माय काहीच बोलली न्हाई. खाऊ दे म्हणली. तू ये."

मला आधी काही कळेना. मी म्हटलं, याडी, अगं आत्ताच तर तिनं फोनवर सांगितलं, बराबर हाय म्हणून.

"फोनला म्हणली असंल," याडी म्हणाली. "मला शिवी आली न्हाई."

मी तिला आईकडं फोन द्यायला सांगितलं. आई पुन्हा म्हणाली बराबर हाय, पण आवाज अगदी बारीक. मग मी मास्तरणीसारखी उलटतपासणी घेतली. पहाटेपासून जबडा धरून राहिला होता, पाठ भरून आली होती, थंडीतही घाम येऊन राहिला होता. पित्त झालं असेल म्हणून बाईसाहेबांनी पाण्यातून सोडा घेतला होता. छातीत दुखत नव्हतं, म्हणून मलाही पित्तच वाटलं. तरी खात्री करावी म्हणून मी प्रश्नपत्रिका काढायला जे एआय वापरते त्यात भराभर लिहिलं, वय लिहिलं, काय काय होतंय ते लिहिलं. उत्तर लगेच आलं. वयस्क बाईमध्ये हृदयाचा झटका छातीत न दुखताही असा येऊ शकतो, वाट बघू नका, आत्ता दवाखान्यात न्या. याडीला हे माहीत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. त्या यंत्राचे उपकार मी नाकारणार नाही.

मी याडीला सांगेपर्यंत तिनं तांड्यावरची जीप बोलावलीसुद्धा होती. आईला सेनगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी पहिले उपचार करून ॲम्ब्युलन्समधून हिंगोलीला पाठवलं. मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते. गाडीतून आधी याडी उतरली, एका हातात आईच्या चपला, दुसऱ्या हातात शेळ्या हाकायची काठी. ती काठी घाईत तशीच हातात राहिली होती. तिला बघून मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झटकाच होता, पण वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक पुण्याहून आली. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी सगळा राग तिच्यावर आणि तिच्या ॲपवर काढला. काय उपयोग त्या अदबीचा, बाई मरायला टेकली आणि हे हिरवी खूण पाठवतं! लेक शांत राहिली. तिच्यात माझं रक्त कमी उतरलंय. ती म्हणाली, आपण त्याला जे विचारायला सांगितलं ते त्यानं विचारलं. आजी रोज शेळीला शिव्या देते, एखाद्या दिवशी दिल्या नाहीत तर कळव, असं आपण सांगून ठेवलं असतं तर त्यानं तेही बघितलं असतं. पण शेळीकडं बघायचं असतं हे आपल्यालाच कुठं माहीत होतं?

मी म्हटलं, मग याडीला तरी कोणी सांगितलं होतं?

"तेच तर," ती म्हणाली. "सामान्य म्हणतात ते हेच, आई."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याडीला तब्येत बघायचं काम कोणी दिलेलं नव्हतं. ती शेळ्या चारायला निघालेली. शेळी, वाल आणि शिवी यांचा हृदयाशी काय संबंध, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण जे व्हायला पाहिजे ते झालं नाही, एवढ्यावरून ती थांबली, कुंपण ओलांडून आत गेली, आईच्या कपाळाला हात लावला, कोणाचा तरी फोन मागितला, माझा नंबर हुडकून काढला आणि मला उलट उत्तरही दिलं. एवढं सगळं एका डोक्यात, कोणी न सांगता. हे ज्याला जमेल ते यंत्र सामान्य बुद्धीचं. उद्या जमेलही, मी नाही म्हणत नाही. जमलं तर पहिला नमस्कार मी करीन, कारण प्रत्येक आईच्या दारावरून याडी जात नसते.

पालकसभेत मी हेच सांगितलं. मुख्याध्यापक नंतर चहा पिताना म्हणाले, म्हणजे मॅडम, सामान्य असणं हीच अवघड गोष्ट म्हणायची. मी म्हटलं, व्हय सर.

आई महिनाभर माझ्या घरी राहिली आणि बोलली होती तसं भिंती राखून वैतागली. माझं मात्र ठरलं होतं. अटीत ठरलं होतं तसंच झालं होतं, आता साखरा बंद. डॉक्टरांनी हिंडायफिरायची परवानगी दिली तेव्हा घर आवरून भांडीकुंडी आणायला आम्ही दोघी चार दिवस साखऱ्याला गेलो. आई गाडीत सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसली. लेकीनं मधल्या काळात ॲपमध्ये एक प्रश्न वाढवून ठेवला होता, त्यामुळे पहिल्या सकाळी शेळ्या वाल खाऊन गेल्यावर फोन वाजला तेव्हा ती अदबीची बाई म्हणाली, आजी, आज शेळीला काय म्हणालात? आईनं शेळीला म्हटलेलं सगळं तिला जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, धन्यवाद आजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत बोचकं बांधत होते. आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. खिडकीतून मला याडी नाल्यातून वर येताना दिसली. कुंपणाशी ती थांबली. शेळ्या सरळ वाटेनं पुढं चालल्या होत्या, एकही वालाकडं वळली नव्हती. याडीनं त्यातली एक शिंगाला धरून मागं ओढली, काठीनं कुंपणाच्या काट्या बाजूला केल्या आणि शेळी वालात ढकलून दिली.

मी तशीच बाहेर पळाले, पण माझ्या आधी आई सुरू झाली. पटकी आली, मसणात गेली, सगळं झालं. याडी कुंपणाला टेकून शेवटच्या शिवीपर्यंत ऐकत उभी राहिली. मग तिनं शेळी बाहेर काढली. मी नाल्यापर्यंत तिच्या मागं गेले आणि विचारलं, याडी, तू मुद्दाम काहून असं करून राहिलीस?

"शेळी सोडते," ती म्हणाली. "तुझी माय शिव्या देते. मंग मी रानात जाते."

मी तिचे पाय धरले. ती बाजूला सरकली आणि शेळ्यांमागं निघून गेली. मला तिचे आभार मानायचे होते, पण तिला ते ऐकायची सवड नव्हती.

परत आले तेव्हा आईला अजून दम लागलेला होता. एका हातानं छाती चोळत दुसऱ्या हातानं शेंगा सोलणं चालू होतं. मी रागावले. डॉक्टरांनी जोरात बोलू नको म्हटलंय ना? आणि ऐक, ती याडी शेळी मुद्दाम सोडते, तुझा आवाज ऐकायला.

आईनं मान वर केली नाही.

"मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "म्हणून तर ताण देऊन वरडते. आवाज बारीक निघाला तर ती दिवसभर रानात घोर लावून बसते."

मी आत गेले आणि बोचकं सोडून आईची लुगडी परत दांडीवर टाकली.