पाटलाच्या बैलाचा मेंदू

मारेगावच्या शाळेतला चपराशी उकंडा घंटासुद्धा बसल्या बसल्या द्यायचा. गुडघे म्हणायचे नको, पोट म्हणायचं ऊठ. पन्नाशी उलटलेली, नोकरी अजून कच्ची, आणि ती पक्की करणारी शिफारस विज्ञानाच्या पद्मावार मास्तरांच्या हाती. मास्तर म्हणजे घरात कांदासुद्धा न चालणारे कोमटी वाणी.

अठ्ठावन्न साली पाटलाचा बैल मेला. आधीचा काळ असता तर सांगावा थेट उकंडाच्या दारात आला असता. पण छप्पनला सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि मेलेलं ढोर ओढायचं नाही, सोलायचं नाही असं ठरलं. ठरवताना पहिला हात वर झाला तो उकंडाचा. मग पाटलाच्या गड्यांनीच नाक दाबत बैल शाळेमागच्या पडीत ओढला आणि ते खड्डा खणू लागले.

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. नववीला मज्जासंस्थेचा धडा चालू होता आणि त्यांनी फळ्यावर काढलेला मेंदू पोरांना फुलकोबी वाटायचा.

"उकंडा, अख्खा मेंदू काढून दे. बरणीत ठेवू."

"ते काम सोडलं जी आमी."

"अरे, हे सोलणं नव्हे, विज्ञान आहे. तुम्हा लोकांच्या हातातच आहे ते."

"हातात हाय म्हणूनच सोडलं जी."

मास्तर जरा खोकले. "तुझ्या शिफारशीचा कागद आज धाडायचा आहे."

घ्या आता! हात लावावा तर वस्ती तोंड पाहणार नाही, न लावावा तर उद्या घंटा दुसराच कोणी देणार. उकंडानं बैलाकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून तो ढेकळावर बसला.

"करवत तुमी धरा, मी सांगतो."

मास्तरांनी धोतर खोचलं, नाकाला रुमाल बांधला. कपाळाचं हाड कापून ढलपी उचलली आणि ते किंचाळले, "अरे, आत काहीच नाही!"

"पाटलाचाच बैल हाय जी," एक गडी फिदीफिदी हसला.

"पोकळी हाय ते," उकंडा म्हणाला. "बैलाच्या कपाळाले दोन हाडं रायतात, मधात हवा. अजून खाली कापा. हळू! आता जाड पडदा लागन, चामड्यावानी. तो कात्रीनं."

पडदा फाटला. वळ्यावळ्यांचा मोठा मेंदू दिसला, त्याच्या मागे मुठीएवढा लहान मेंदू. मास्तरांनी आनंदानं हात घातला.

"ओढू नका! खालून डोळ्याच्या दोऱ्या येतात, पांढऱ्या, जाड. आधी त्या तोडा. मंग मांगं मानेत उतरते ते दांडी."

"मज्जारज्जू," मास्तर घाम पुसत म्हणाले.

"असन जी. बापानं नाव नाई सांगतलं, जागा सांगतली."

मेंदू अख्खा निघाला. निसटतं दही धरावं तसा तो ओंजळीत धरून मास्तर बरणीकडे पळाले. कागद त्याच दिवशी गेला. त्यावर मास्तरांच्या बोटांचे ठसे उमटले होते म्हणे. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात.

बातमी उकंडाच्या आधी वस्तीत पोचली. संध्याकाळी वस्तीतले जाणते देवराव दारात येऊन बसले. चुलीपाशी उकंडाची बायको सत्यभामा भाकर थापायची थांबली.

"हात लावला का रे?" देवरावांनी विचारलं.

"नाई, काका."

"मंग मास्तराचे हात?"

"कोपरापर्यंत भरले होते."

देवराव पोट धरून हसले. "मंग आपल्या बैठकीत बोलाले काय ठेवलं? आता मास्तराबद्दल कोमट्याइच्या बैठकीत बोलतीन!" आणि धोतर झटकत ते उठून गेले.

सत्यभामानं ताट वाढलं. उकंडानं अर्धी भाकर खाल्ली आणि ताट सरकवलं.

"काहून? सुटले ना तुमी?"

"सुटलो." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "मले वाटलं, दोन वर्सांत सारं इसरलो असन. एकबी जागा चुकली नाई वं."