गाभाऱ्याचा ढाळ

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे बुडबुडा म्हणत. अंगाने तो चांगला आडवातिडवा, पण सपाटी तपासायच्या पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसे, म्हणून हे नाव. कुणाकडे पाहुणा गेला तरी चहाचा कप टेकवण्याआधी टेबल डोळ्यांनी जोखायचा. बायको म्हणायची, लग्नात यांनी माझ्याकडे कमी आणि मांडवाच्या खांबांकडे जास्त पाहिलं.

माईंकडे तो आला, तो न्हाणीघराची फरशी बदलायला. माई निवृत्त नर्स. सगळा जन्म वॉर्डात गेल्यामुळे देवाचं नाव घ्या हेसुद्धा त्या गोळी घ्या म्हटल्यासारखं सांगत. संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत माणसं जमून भजन करायची. बुडबुडा आत फरशी ठोकत होता. हातोडी कधी तालावर पडायला लागली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. काम संपलं तरी तो येत राहिला. वडील गेल्यापासून त्याला हक्काने रागावणारं कुणी उरलं नव्हतं, आणि माई तर रागवायला कधी मागेपुढे पाहत नसत. त्याने त्यांना गुरू मानलं आणि त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही.

माणसं वाढली, खोली पुरेना. एक दिवस माई म्हणाल्या की देवाला स्वतःचं घर हवं आणि ते तू बांधायचंस. झालं. त्या दिवसापासून बुडबुड्याला दुसरं काही सुचेना. रस्त्याच्या टोकाला बंद पडलेलं एक गॅरेज मिळालं. त्याच्या कोब्यात इतकं तेल मुरलेलं, की वर सिमेंटचा माल धरेना. बाकीचे म्हणाले, जाजम टाकू आणि मोकळे होऊ. बुडबुड्याने कंबरेला पट्टा आवळला आणि सुट्टीच्या दिवसांत अख्खा कोबा फोडून काढला. परवानगीसाठी त्याने कचेरीत खेटे घातले. साहेबाने पुढच्या आठवड्यात या म्हटलं, की हा पुढच्या आठवड्यात कचेरी उघडायच्या आधीच दारात उभा. शेवटी साहेबच कंटाळला आणि सही देऊन मोकळा झाला. भिंती सारख्या झाल्या, खिडक्या आल्या, मागे टायर ठेवायची खोली होती तिचा गाभारा झाला.

पण देऊळ जसं वर चढलं, तसा बुडबुडाही चढला. ओल्या फरशीवर कुणाचा पाय पडला की खेकसायचा. एका म्हाताऱ्याला चपलांवरून असं काही बोलला, की तो दारातूनच परत गेला. बुडबुड्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या देवळाची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी? गाभाऱ्यात बसणाऱ्या मुरलीधराची पूजाही आपणच करणार, हे त्याने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. मंत्र पाठ करून बायकोसमोर म्हणून दाखवले होते. जन्मभर माल चिकटलेली नखं तो हल्ली ब्रशने घासत असे.

आणि एका संध्याकाळी भजन संपल्यावर माईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, पूजा शिंपीकाकू करतील. देवाची प्रतिष्ठापना झाली की गाभाऱ्यात फक्त त्या जातील, बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे. शिंपीकाकू! भजनाला नेहमी उशिरा येणाऱ्या, आणि आरतीत कुणाचा सूर घसरला की तोंडाला पदर लावून हसणाऱ्या.

सगळे जाईपर्यंत बुडबुडा थांबला.

"माझं काय चुकलं, माई?"

"तुझ्याशिवाय हे उभंच राहिलं नसतं."

"मग मलाच बाहेर का ठेवता?"

"म्हणूनच. तू आत बसलास तर लोक तुझ्या देवळात येतील. आणि काहीजण येणारच नाहीत." माईंनी चष्मा काढला. "तो म्हातारा, ज्याला तू चपलांवरून बोललास. त्याची बायको माझ्याच वॉर्डात गेली. तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता. त्या दिवशी पडला होता."

बुडबुड्याला ते खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

त्याने देवळाकडे जाणं बंद केलं. गाभाऱ्याची फरशी तेवढी राहिली होती, आणि तिच्यासाठी मंडळी दुसरा मिस्त्री बघतायत, हे बायकोने जेवताना कानावर घातलं.

"तुम्हाला देऊळ हवं होतं की पूजा?" तिने विचारलं. "एकदा काय ते सांगा. लोक मला विचारतात."

बुडबुड्याला त्या रात्री धड झोप लागली नाही. सकाळी त्याने थापी घासूनपुसून पिशवीत टाकली. "बांधायला मला सांगितलंय. बांधणार मीच," एवढंच म्हणून तो निघाला.

गाभाऱ्यात सपाट फरशी चालणार नव्हती. देवाच्या अंघोळीचं पाणी कोपऱ्यातल्या भोकाकडे वाहून भिंतीबाहेरच्या दगडी पन्हळीतून पडायला हवं; म्हणजे जन्मभर सगळं सपाट करणाऱ्याला आता ढाळ द्यायचा होता. तोही पहिल्याच फटक्यात, कारण एकदा देव बसला की चूक सुधारायला त्याला आत जाता येणार नव्हतं. त्याने जीव ओतून काम केलं. माल वाळल्यावर शिंपीकाकू तांब्या घेऊन आल्या आणि त्याने सांगितलं तिथे पाणी ओतत गेल्या. पाणी सरळ भोकाकडे गेलं. फक्त काकूंच्या बसायच्या जागेपाशी ओंजळभर तसंच राहिलं.

"राहू द्या हो भाऊ, फडक्याने पुसून घेईन मी," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मला भीती वाटते. तुमच्यासारखं काही पाठ नाही मला. तुम्ही सांगत असाल तर जाते माईंकडे, नको म्हणते."

बुडबुड्याने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. आनंदही झाला त्याला, आणि झाला म्हणून स्वतःची लाजही वाटली. त्याने त्या साचलेल्या पाण्यात बोट बुडवून खोली जोखली.

"रोज पुसत बसलात तर देवाकडे बघणार कधी?" तो शेवटी म्हणाला. "पाठ मी करून घेतो तुमच्याकडून. उंबऱ्याबाहेर बसून."

आणि त्याने छिन्नी लावली. पाणी साचलं होतं तिथपासून दारापर्यंतच्या फरश्या उखडल्या, ढाळ नव्याने दिला. फरशी बसवणारा आतून सुरुवात करतो आणि गुडघ्यांवर मागे सरकत दाराकडे येतो. बुडबुडाही तसाच मागे सरकत आला. शेवटची फरशी त्याने उंबऱ्याबाहेरून बसवली आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ हात तिच्यावर ठेवला.

प्रतिष्ठापनेच्या दिवशी देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बुडबुडा आत थांबलाच नाही. मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, दगडी पन्हळीसमोर जाऊन उभा राहिला. आत शंख वाजला, म्हणजे स्नान सुरू झालं. पन्हळ कोरडी. काकूंचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, एकेक मंत्र स्वच्छ. पन्हळ अजून कोरडी.

मग दगडाच्या ओठावर एक थेंब जमला, पडला, आणि दुधाळ पाण्याची धार लागली. तिच्यातून एक तुळशीचं पान आलं. बुडबुड्याने ओंजळ पुढे केली, तोंडाला लावली, ओले हात डोळ्यांवरून फिरवले आणि तो एवढा मोठा माणूस तिथेच हमसून रडला.

बायको शोधत शोधत बोळात आली. "अहो, माई तुम्हाला विचारतायत. इथे काय करताय?"

तो बाजूला सरकला आणि पन्हळीखाली तिला जागा करून दिली.

"ओंजळ धर," तो म्हणाला.