लाल ठिपक्याचा बेडूक

चहा आधी संपवा बरं, हा किस्सा ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही. मला काय अवदसा आठवली होती, देव जाणे!

मी जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बेडूक म्हणजे माझा जीव की प्राण. त्या जुलैत पावसाने साफ दडी मारली होती, तरी मी चोपड्याच्या वर सातपुड्यात गेलोच. नाला कोरडा ठणठणीत. उरलेल्या एका डबक्यात बेडूक बसलेला, आणि त्याच्या डोक्यावर लालभडक ठिपका!

बोटांमधले पडदे, पाठ, डोळे, सगळं आपल्या साध्या बेडकाचं. पण असा ठिपका उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मग काय? नवी जात! माझं आडनाव लावून तिचं बारसंही उरकलं. रेंज आली तसा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. बेडूक जेवणाच्या डब्यात. झाकण किलकिलं ठेवायचं, हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. पण पळाला तर? मी गच्च बसवलं.

खालच्या गावात मोटरसायकल थांबवली. ओट्यावर एक म्हातारी अक्का बसली होती. मला कुठलं राहवतंय!

"अक्का, बघा काय सापडलं!"

झाकण उघडलं. बेडूक हलेना.

अक्का वाकली. "भाऊ, हाऊ ते आमना धोंडीना बेडूक शे!"

पाऊस पडावा म्हणून आदल्या दिवशी गावाने धोंडी काढली होती. बेडूक मुसळाला बांधून दारोदार फिरवला, बायांनी त्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं, पाणी घातलं आणि त्या डबक्यात सोडला.

मी ठिपक्यावर बोट फिरवलं. बोट लाल! दरदरून घाम फुटला, तो त्याच हाताने पुसला.

"मरी गया का?" अक्काने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. माणसं जमली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "बठ्ठा गाव पान्यानी वाट देखी ऱ्हायना, भाऊ," एवढंच कोणीतरी म्हणालं. लाजेने मेल्यासारखं झालं मला.

अक्काने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "याले बी कुंकू लागनं. आते यालेच बांधा मुसळले!"

मी हसलो. एकटाच.

एका बाईने घरातून तांब्या आणला आणि माझ्या डोक्यावर ओतला. पिण्याचं पाणी होतं हो ते!

आणि पाऊस? छे! म्हणजे बेडूक म्हणूनही मी कुचकामाचाच निघालो.