आवडंल आणि आवडलं

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं मी पुण्याच्या एका संस्थेत होते. कष्टाच्या कामाची साधनं सुधारायची, हे आमचं काम. संगमनेरला घरोघरी बायका बिड्या वळत. पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन दिवसभर वाकून बसत. सूप ठेवायला मी एक बुटकं टेबल बनवलं. पाठ ताठ राहील, एवढाच माझा विचार.

नमुन्याचं टेबल एका मावशींकडे आठवडाभर ठेवलं आणि मग टेपरेकॉर्डर घेऊन गेले. मावशी उंबऱ्याशी बसल्या होत्या, सून आत.

"मावशी, टेबल आवडलं का?"

त्या थांबल्या. "आवडंल की. तुमी एवढ्या लांबून आलाय." लगेच सुनेला हाक, "अगं, च्या ठिव बाईंना."

पुढचे प्रश्न मी भराभर विचारले. अहवालात त्यांचं बोलणं शुद्ध मराठीत नीटनेटकं लिहिलं : टेबल आवडलं. त्या एका वाक्यावर सगळ्या आळीसाठी टेबलं झाली.

काही महिन्यांनी भाषेचा अभ्यास करणारे एक सहकारी तिकडची बोली ऐकायची म्हणून ती टेप घेऊन बसले. माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात, कुठे थांबतात, विषय कोण बदलतं, हे ते टिपून ठेवत. त्यांनी तोच तुकडा तीनदा लावला.

"त्या आवडलं म्हणाल्याच नाहीत हो. आवडंल म्हणाल्या. आवडेल! आणि थांबल्या केवढ्या, ऐका. मग चहा. घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"टेप खरखरते," मी म्हणाले.

त्यांनी आवाज वाढवला. आतून सून म्हणत होती, "आत्याबाई, सांगा की, उजेडाकडं सरकता येत न्हाई." मावशी म्हणाल्या, "गप गं." आणि त्या दोघींच्या आवाजावर माझा पुढचा प्रश्न.

मी परत संगमनेरला गेले. टेबलावर पाण्याची घागर होती. मावशी दारात, सूप मांडीवर. ऊन सरकेल तशा त्याही सरकत होत्या. "मावशी, तेव्हाच सांगायचं होतं ना," मी म्हणाले.

त्या हसल्या. "बाई, आवडलं का इचारलंत. जमतंय का, असं इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

सुनेला भेटायचं होतं. पण मावशींच्या मुलाला दुसऱ्या गावी काम मिळालं होतं, ती त्याच्याबरोबर गेली होती.

पुण्याला येऊन साहेबांना म्हणाले, हलकं, सहज सरकवता येईल असं टेबल करून बघू या. ते कागदांतून मान वर न करता म्हणाले, "ते काम संपलंय. बायकांना आवडलंय ना?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. माझंच चुकलं, मी नीट ऐकलं नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण नोकरी नवी होती आणि अहवालाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी "हो" म्हणाले आणि खोलीबाहेर आले.