हाकमास्तरांची चौथी हाक

आमच्या हाकमास्तरांचा आवाज फाटका होता, पण पोचायचा थेट वेशीपर्यंत. रावेतच्या पलीकडे आमच्या गावचा रेल्वेथांबा होता. एक खोली, एक खिडकी, एक बाक. तिकिटं मास्तरच द्यायचे आणि फलाटही तेच झाडायचे. गाडी आली की गार्डाला हात दाखवण्याआधी गावाकडे तोंड करून तीनदा ओरडायचे, "आणिक कोनी हाय का?" मग पाटीवाल्या बाया धापा टाकत यायच्या.

कॉलेजला असताना मी नेहमी तिसऱ्या हाकेलाच पोचायचो. "लेका, तुझं लगीन बी तिसऱ्याच हाकंला लागायचं," म्हणायचे. एकदा गार्ड वैतागला, तर त्यालाच सुनावलं, "सायेब, गाडी तुमची, पर मानसं आमची हायेत."

पुढे घरटी मोटरसायकल आली. कंपन्यांच्या बस दारात येऊ लागल्या. वरून कागद आला, उतारू वाढले नाहीत तर थांबा बंद. मास्तर घरोघर फिरले. मला नुकतीच चाकणला नोकरी लागली होती. "आठवड्यातनं येकदा तरी बस गाडीत. उगं चिंचवडला जाऊन ये," म्हणाले. "येतो की, मास्तर," मी म्हणालो. तोंडदेखलं. शिफ्ट, ओव्हरटाइम, सबबींना काय तोटा! एकदाही गेलो नाही.

थांब्याच्या शेवटच्या दिवशी आमची बस फाटकाशी अडकली. रोजचीच वेळ, माझी रोजचीच खिडकी. समोर गाडी उभी होती आणि फलाटावर मास्तर एकटे, धुवट सदरा घालून. एक हाक झाली, दुसरी, तिसरी. गावातून कुणी आलं नाही. मग मास्तर वळले आणि फाटकाकडे तोंड करून पुन्हा ओरडले. पन्नास पावलांचं अंतर. मी मान खाली घातली. गाडी गेली.

आता ते चिखलीला मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. मागच्या महिन्यात भेटायला गेलो. सून म्हणाली, "लिफ्टपाशी ओरडतात हो, शेजारी हसतात." निघताना ते मला सोडायला आले. लिफ्टचं दार हाताने धरलं आणि रिकाम्या बोळाकडे बघत हळूच तीनदा विचारलं, "आणिक कोनी हाय का?"

मला राहवलं नाही. "मास्तर, त्या दिवशी मी बसमध्ये होतो."

"ठावं हाय," दार न सोडता ते म्हणाले. "म्हनून तर चौथ्यांदा वरडलो."