मानांग फेलीचा चमचा

आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आयसीयूत देवाला घाबरणारे कमी, पान्सितला घाबरणारे जास्त. ड्युटीवर या शेवया खाल्ल्या की पेशंटची रांग लागते म्हणे! डॉक्टर हालांदोनींच्या वाढदिवसाचा अख्खा टोप आम्ही दारातून परत पाठवला. मानांग फेली तडकली, "अगं बयांनो, शेवयांनी ताप येत नाही, न धुतलेल्या हातांनी येतो!"

फेली आमची मुख्य नर्स, सगळ्यांची 'मानांग', म्हणजे थोरली ताई. उंची पावणेपाच फूट, जीभ त्याहून लांब. कुणाच्या मानेतल्या शिरेत नळी घालायची असली की ही यादी घेऊन उभी. हात, टोपी, मास्क, गाऊन, कातडीला औषध. काही चुकलं की स्टीलच्या ट्रेवर चमचा, टंग! मग पहिल्यापासून सुरू. त्या नळीतून जंतू रक्तात शिरले की माणूस हातचा जातो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

हालांदोनी तिच्या लेकाचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता, म्हणून तिला 'कुमारे' म्हणायचे. एकदा चिडले, "कुमारे, नात्याची तरी लाज ठेव!"

"नातं चर्चमध्ये, डॉक. इथे आधी गाऊन घाला."

ऑगस्टच्या पुरानंतर फेलीच लेप्टोने आडवी झाली. रक्तदाब घसरत चाललेला. नळी घालायला हालांदोनी, यादी माझ्या हातात. त्यांचा चष्मा घसरला, तो त्यांनी हातमोजा घातलेल्या बोटानेच वर सारला. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. पण साहेबांना टोकणार कोण?

टंग. टंग.

चादरीच्या फटीतून फेलीचा एक डोळा उघडा होता आणि लग्नाची अंगठी खाटेच्या दांडीवर वाजत होती.

"मरतानाही सोडणार नाही ही बाई," डॉक्टर पुटपुटले. मोजे काढून पुन्हा हात धुवायला गेले. परत आले तेव्हा मास्कवरचे डोळे ओले होते.

पाचव्या दिवशी ताप उतरला. फेलीने तोंड उघडलं ते असं, "ही नळी अजून कशाला ठेवलीय? काम झालं की काढावी." मग माझ्याकडे वळून, "आणि इंदाय, तू काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र आनंदाने धावत आले. "कुमारे, मीच काढतो!" म्हणत थेट तिच्या मानेवरच्या पट्टीला हात घालायला वाकले, हात न धुताच.

फेली माझ्याकडे बघत राहिली.

मी चमचा उचलला.

टंग!