हाडांच्या शिबिरात मी मशीनला नावं ठेवली

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. माझ्या तोंडाने मला आजवर बरेचदा गोत्यात आणलंय, पण त्या शनिवारी त्याने कहर केला.

मी मुळातच चुळबुळी. एका जागी बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. त्यामुळे गंगापूर रोडच्या आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी कोण, हे वेगळं सांगायला नको. हाडं ठिसूळ होण्यावर शिबिर घ्यायचं माझ्या डोक्यात आलं आणि आठवडाभर मी कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं शेजारच्या कुसुमताईंना. साठी उलटलेली, कणीक मळताना मध्येच पाठ धरून भिंतीला टेकतात. पण तपासणीचं नाव काढलं की म्हणायच्या, "आणि काही निघालं म्हणजे?" शेवटी हाताला धरून आणलं.

भाषणाला बोलावलेल्या डॉक्टरीणबाई ऐनवेळी दवाखान्यात अडकल्या. मग भाषण कोणी केलं? मीच! पाळी गेली की बायकांची हाडं झिजतात, दूध-दही घ्या, नाचणी खा, अंगावर ऊन घ्या, रोज चाला. अर्धा तास सोडलं नाही.

तपासणीच्या बाई टाच ठेवायचं छोटं मशीन घेऊन आल्या होत्या. बायका मागे सरकायला लागल्या, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, आधी मी बसते. पन्नाशीची असले तरी दिवसभर पायाला भिंगरी. माझं काय निघणार?

बाई आकडा बघून हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमची हाडं जरा विरळ दिसतायत. पुढची तपासणी करून घ्या."

त्या हळूच बोलल्या हो, पण माईक माझ्या हातात होता ना. चाळीस जणी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी काय बोलावं?

"मशीन बिघडलेलं दिसतंय."

तेही माईकवर. बाई बिचाऱ्या सांगत राहिल्या की सकाळीच तपासून आणलंय, पण ऐकतंय कोण? ज्यांचा आकडा चांगला आला, त्यांच्यापुरतं मशीन बरोबर होतं. ज्यांचा वाईट आला, त्या आकड्याची चिठ्ठी चुरगळून हसत उठल्या. कुसुमताईंचा तर सगळ्यात वाईट. त्यांनी त्या चिठ्ठीवर कचोरी ठेवून खाल्ली आणि मला म्हणाल्या की तुम्ही बोललात ते बरं झालं, नाहीतर काळजीने झोप उडाली असती.

घरी आले आणि झोप उडाली ती माझी, भर दुपारी. चार वेळा ओटा पुसला. माझंच भाषण आठवायला लागलं. दूध? माझ्या पोटात जातं ते चहातलं. ऊन? आपण नाशिकच्या बायका स्कूटीवर कशा निघतो, तुम्हाला माहीत आहे. सनकोट, हातमोजे, स्कार्फ, वर गॉगल. ऊन मला तोंडओळखीनेही ओळखत नसेल.

तेवढ्यात खिडकीतून बघते तर कुसुमताई डुगडुगत्या स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा ओढतायत. धावत गेले आणि म्हटलं, आधी खाली उतरा.

"का हो? हाडं चांगली आहेत माझी. मशीनच बिघडलं होतं ना?"

"मशीन चांगलं आहे, ताई. चारचौघींत माझा आकडा वाईट निघाला, म्हणून मी खोटं बोलले."

माझा खांदा धरून त्या खाली उतरल्या. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. मग म्हणाल्या, "हेच आता ग्रुपवर लिहा. मी एकटीनेच का घाबरायचं?"

लिहिलं. मशीन ठणठणीत आहे, बिघाड माझ्यात आहे, ज्यांना पुढची तपासणी सांगितली होती त्यांनी सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला. पाठवलं आणि फोन गादीखाली ढकलून दिला.

सोमवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. ज्यांचे आकडे वाईट होते त्या आल्याच, चांगलेवाल्याही आल्या. डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, "शिबिरानंतर कधी दोघीसुद्धा येत नाहीत. तुम्ही यांना समजावलंत तरी कसं?"

मी नम्रपणे मान खाली घालणार, तोच कुसुमताई म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं सावकाश बघा. आधी यांचं बघा. या परत खोटं बोलतायत का, ते बघायला आलोय आम्ही सगळ्या."